सदतीस ग्रॅमचा भरवसा

चार हजार मीटर उंचीवर विमानाचं दार सोडलेला माणूस दहा-बारा सेकंदांत ताशी सुमारे 193 किलोमीटरचा वेग गाठतो. पोट जमिनीकडे, हातपाय पसरलेले. मग हवेचा विरोध त्याच्या वजनाची बरोबरी करतो आणि वेग वाढायचा थांबतो. मिनिटभरात तीन हजार मीटर मागे पडतात. सामानासकट त्याचं वजन 95 किलो धरलं, तर त्या क्षणी त्याच्या अंगात सुमारे 1 लाख 36 हजार जूल गतिज ऊर्जा असते. तीन-चार सेकंदांत ती जिरवून त्याला पायांवर उभं करण्याइतपत संथ करायचं, हे काम एका कापडाचं. आणि त्या कापडाचं वजन चौरस मीटरला 37 ग्रॅम.

पॅराशूटच्या कहाण्या बहुतेक वेळा उंचीच्या आकड्यांनी सांगितल्या जातात. कापडाच्या बाजूने पाहिलं, तर सव्वादोनशे वर्षांचा हा प्रवास उलट्या दिशेचा दिसतो. उड्या वाढत गेल्या, कापड मात्र घटत गेलं. कुठे भोक पाडलं गेलं, कुठे पट्टा कापला गेला, कुठे छत्रीच लहान शिवली गेली. कापड जितकं कमी झालं, तितका हिशेब बारीक होत गेला.

निम्म्यासाठी चौपट

गोल छत्रीचं गणित सरळ आहे आणि निष्ठुरही. खाली येण्याचा वेग निम्मा करायचा, तर कापड दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतं. अमेरिकन हवाई दलाच्या वैमानिकांची सी-9 छत्री घ्या. व्यास 28 फूट, पाकळ्या 28, दोऱ्याही 28. सपाट पसरली तर 616 चौरस फूट, म्हणजे 57 चौरस मीटर. तिच्याखाली 100 किलोचा भार सेकंदाला सुमारे 6 मीटर वेगाने उतरतो. 1.8 मीटर उंचीवरून उडी मारली तर जमिनीला टेकताना जो वेग असतो, तो हाच. आता हा वेग 3 मीटरवर आणायचा ठरवलं, तर पाठीवर 228 चौरस मीटर कापड बांधावं लागेल. तसं कोणी करत नाही. त्याऐवजी छत्रीसैनिकाला पडायला शिकवतात. तळवे, पोटरी, मांडी, कुल्हा आणि पाठ अशा क्रमाने लोळण घेऊन धक्का वाटून टाकायचा.

पहिल्या मोठ्या उडीतच कापडाने आपला स्वभाव दाखवला होता. 22 ऑक्टोबर 1797 रोजी पॅरिसच्या पार्क मॉन्सोमधून आंद्रे-जाक गार्नरँ बलूनला टांगलेल्या टोपलीत बसून सुमारे हजार मीटर वर गेला आणि त्याने बलूनची दोरी कापली. डोक्यावर होती सुमारे 7 मीटर व्यासाची छत्री. तिच्या माथ्यावर भोक नव्हतं. आत कोंडलेली हवा कधी या काठाने, कधी त्या काठाने निसटे आणि टोपली लंबकासारखी भयंकर हेलकावे खाई. गार्नरँ वाचला. पुढे छत्र्यांच्या माथ्यावर भोक आलं, हवेला वाट मिळाली आणि झोके कमी झाले. थोडं कापड काढून टाकल्याने पॅराशूट सुधारलं, याची ही सुरुवात.

त्याच शहरात 4 फेब्रुवारी 1912 रोजी फ्रान्झ रायशेल्ट नावाचा शिंपी स्वतः शिवलेला पॅराशूट-अंगरखा घालून आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्याच्या कठड्यावर चढला. उंची 57 मीटर. तेवढं अंतर पडायला लागतात 3.4 सेकंद. कापड नीट उघडलंच नाही आणि चित्रपटाच्या कॅमेऱ्यासमोर तो मेला. पॅराशूटला कापडाइतकाच वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे खाली शिल्लक असलेली उंची. ती त्याच्याकडे नव्हती.

दहा हजार कोषांची छत्री

नायलॉन येण्याआधी छत्र्या रेशमाच्या होत्या. 57 चौरस मीटर रेशीम म्हणजे किती किडे? ढोबळ हिशेब करता येतो. चौरस मीटरला 45 ग्रॅम धरले तर कापड भरतं सुमारे अडीच किलो. एका कोषातून कताईला येणारं रेशीम पाव ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका छत्रीला दहा हजार कोष. प्रत्येक कोषाचा तंतू सुमारे एक किलोमीटर धरला, तर एका माणसाच्या पाठीवर दहा हजार किलोमीटर तंतू घडी घालून ठेवलेला असे. पृथ्वीच्या परिघाचा चौथा हिस्सा.

लेस्ली अर्विनला या किड्यांचं ऋण ठाऊक असावं. 28 एप्रिल 1919 रोजी ओहायोतल्या मॅककुक फील्डवर विमानातून बाहेर पडून त्याने हवेत स्वतःच्या हाताने दोरी ओढली आणि पाठीवरचं पॅराशूट उघडलं. उतरताना त्याचा घोटा मोडला, पण कल्पना टिकली. पुढे त्याच्या कंपनीने पॅराशूटमुळे जीव वाचलेल्यांचा 'कॅटरपिलर क्लब' काढला. सभासदत्वाची खूण म्हणजे सोन्याचा इवलासा रेशीमकिडा. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत अर्विनच्या यादीत 34 हजारांहून अधिक नावं जमली होती. या क्लबात वर्गणी भरून शिरता येत नाही, जळत्या विमानातून उडी मारावी लागते.

युद्धात जपानी रेशीम बंद झालं आणि जागा नायलॉनने घेतली. 6 जून 1944 च्या पहाटे अंधारात नॉर्मंडीवर सुमारे 13,100 अमेरिकन छत्रीसैनिक उतरले. प्रत्येकाची मुख्य छत्री 28 फुटी धरली, तर त्या रात्रीत फ्रान्सच्या शेतांवर पडलेलं कापड भरतं साडेसात लाख चौरस मीटरच्या घरात. एकरांत सांगायचं तर 185 एकर. छातीवरच्या राखीव छत्र्या यात धरलेल्याच नाहीत.

एवढ्या कापडाचं पुढे काय झालं, याचा एक धागा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात सापडतो. मेजर क्लॉड हेन्सिंगर हा बी-29 बॉम्बरचा वैमानिक. ऑगस्ट 1944 मध्ये जपानवरच्या हल्ल्यावरून परतताना इंजिनाला आग लागली आणि त्याला चीनवर उडी घ्यावी लागली. रात्र काढताना तीच छत्री त्याची उशी झाली आणि पांघरूणही. युद्धानंतर त्याने ती छत्री देऊन मैत्रिणीला लग्नाची मागणी घातली, आणि 1947 मध्ये तिने त्या नायलॉनचा पायघोळ पोशाख शिवून घालून लग्न केलं. तो पोशाख आज संग्रहालयात आहे.

कात्री लागली

उरलेल्या छत्र्यांतून एक खेळ उभा राहिला. युद्ध संपल्यावर लष्करी मालाच्या विक्रीत 28 फुटी छत्र्या निघाल्या आणि हौशी उडीबाजांनी त्यांना कात्री लावली. मागच्या बाजूच्या काही पाकळ्यांतलं कापड कापून काढायचं, कडा दुमडून शिवायच्या, दोन्ही बाजूंना ओढायच्या दोऱ्या जोडायच्या. भोकांतून मागे सुटणारी हवा छत्रीला पुढे ढकलते. आतापर्यंत वारा नेईल तिकडे जाणारं यंत्र आता वळू लागलं. 1960 च्या दशकात पियेर लमॉयन या फ्रेंच माणसाच्या आराखड्यावरून अमेरिकेत 'पॅरा-कमांडर' निघालं. 24 फुटी छत्रीला ठिकठिकाणी झडपा आणि भोकं. जुन्या काळचे उडीबाज आजही पीसी म्हणून तिची आठवण काढतात. जमिनीवरच्या 10 सेंटिमीटरच्या तबकडीवर टाच टेकवायच्या स्पर्धा तिने गाजवल्या.

मग छत्रीचा गोलपणाच गेला. पतंग करणाऱ्या डोमिना जॅल्बर्टने 1964 मध्ये अशा पंखाच्या पेटंटसाठी अर्ज केला, ज्यात काठी नाही, तार नाही, काहीच कडक नाही. वर कापड, खाली कापड, मध्ये विमानाच्या पंखासारख्या छेदाचे कापडी पडदे आणि पुढचं तोंड उघडं. पुढे जाताना हवा तोंडातून आत भरते आणि कापडाचा पंख होतो. हा पंख एक मीटर खाली येताना अडीच-तीन मीटर पुढे जातो. आणि जमिनीजवळ दोन्ही हातांच्या दोऱ्या खाली ओढल्या की मागची कड वाकते, पंख क्षणभर तरंगतो आणि खाली येण्याचा वेग जवळजवळ शून्य होतो. 'निम्म्यासाठी चौपट' या जाचातून सुटका झाली ती इथे. 57 चौरस मीटरची छत्री जे करू शकत नव्हती, ते 15 चौरस मीटरच्या पंखाने केलं.

मापाचं पॅराशूट

आज पॅराशूट मागवणं म्हणजे मापं देणं. उंची, वजन, छाती, खांद्यापासून कमरेपर्यंतची लांबी, मांडीचा घेर. या मापांवर हार्नेस बेततात. हार्नेसचा नेहमीचा नायलॉन पट्टा जेमतेम 44 मिलिमीटर रुंद, पण तो सुमारे 1,800 किलोंपर्यंत तुटत नाही. जो दोरा त्याला शिवतो, तो एकेरी ओढला तर त्या मानाने फारच कमी ताणाने तुटतो. सगळी ताकद टाक्यांच्या ओळींत आणि त्या ओळींच्या आखणीत असते. पाठीवरचा कंटेनरही छत्रीच्या घडीच्या आकारमानावरून ठरतो. 170 चौरस फुटांच्या पंखाला लागणारं कापड पंखाच्या क्षेत्रफळाच्या दुपटीहून जास्त असतं, कारण वर, खाली आणि मध्ये तिन्हीकडे ते लागतं. तरी ते सगळं सातेक लिटरच्या जागेत बसतं. कंटेनर अंगाबरोबर घट्ट बसला पाहिजे, पण छत्री इतकी ठासून चालत नाही की हवेत ती बाहेरच येणार नाही.

सगळ्यांत महत्त्वाचा आकडा मात्र भाराचा. उडीबाजांची मोजणी पौंडांची आणि चौरस फुटांची. माणूस आणि सामान मिळून जितके पौंड, तितके चौरस फूट कापड, हा नवशिक्याचा 1 ला 1 हिशेब. आपल्या 95 किलोच्या माणसाला या हिशेबाने 210 चौरस फूट लागतात. पहिल्या उड्या मारणाऱ्याला याहूनही मोठा, कधी 280 चौरस फुटांचा पंख देतात. अनुभवी माणूस 100 ते 150 वर उतरतो. जमिनीला समांतर सुसाट जाणाऱ्या स्पर्धकांचे पंख 60 ते 90 चौरस फुटांचे. आणि 5 एप्रिल 2014 रोजी दुबईत अर्नेस्टो गायन्झाने 35 चौरस फुटांच्या पंखाने उतरून दाखवलं. 3.25 चौरस मीटर!

हे किती कमी कापड आहे, ते मराठी वाचकाला एका साडीवरून कळेल. पुण्याच्या शीतल महाजन यांनी फेब्रुवारी 2018 मध्ये थायलंडमध्ये पट्टायाजवळ 13 हजार फुटांवरून नऊवारी नेसून उडी मारली. साडी सव्वाआठ मीटर लांब. नेहमीचा पन्हा धरला तर क्षेत्रफळ साडेनऊ-दहा चौरस मीटर, म्हणजे 100 चौरस फुटांच्या वर. अंगावरची साडीच एका निष्णात उडीबाजाच्या पंखाएवढी होती, आणि गायन्झाच्या पंखाच्या जवळपास तिप्पट. एवढं कापड वाऱ्यात सुटलं तर दोरीत अडकू शकतं, त्यामुळे ती नऊवारी ताशी 193 किलोमीटरच्या वाऱ्यात जागची हलणार नाही अशी अंगावर बसवणं हेही पॅराशूट बांधण्याइतकंच काटेकोर काम.

मापाने शिवून घेतलेलं सर्वांत जुन्या आराखड्याचं पॅराशूट 26 जून 2000 रोजी दक्षिण आफ्रिकेत उडालं. लिओनार्दो द व्हिंचीने 1485 च्या सुमारास काढलेला लाकडी चौकटीचा पिरॅमिड, तो लाकूड आणि कॅनव्हास वापरून ब्रिटिश उडीबाज एड्रियन निकोलसने उभा करवला. वजन 85 किलो. 3,000 मीटरवरून तो शांतपणे, न हेलकावता उतरू लागला. लिओनार्दोचं गणित बरोबर होतं. पण जमिनीवर टेकल्यावर 85 किलोचं लाकूड डोक्यावर कोसळलं असतं, म्हणून 600 मीटरच्या आसपास निकोलसने ते सोडून दिलं आणि आधुनिक पॅराशूट उघडलं. आज दोन छत्र्या, हार्नेस आणि कंटेनर मिळून सगळं बिऱ्हाड दहा-बारा किलोंचं असतं.

चार जुड्या, चार सेकंद

हलकं कापड म्हणजे चुकीला कमी जागा. चौकोनी पंख लगेच, सेकंदभरात उघडला, तर माणसाला त्याच्या वजनाच्या सहापट धक्का बसेल. म्हणून दोऱ्यांच्या चार जुड्यांभोवती एक छोटा चौकोनी कापडी तुकडा ओवलेला असतो, त्याला स्लायडर म्हणतात. तो वाऱ्याच्या रेट्यात हळूहळू खाली सरकतो आणि पंखाला फुगायला तीन-चार सेकंद लावतो. धक्का अडीचपटीवर येतो. पण स्लायडरच्या घासण्याने दोऱ्या तापतात आणि ठराविक जातीच्या, दोनेक मिलिमीटर जाडीच्या दोऱ्या उष्णतेने आखडतात. शेकडो उड्यांनंतर काही इंचांचा फरक पडतो, पंख वाकडा उडू लागतो आणि दोऱ्यांचा पूर्ण संच बदलावा लागतो.

राखीव छत्रीचे आकडे आणखी बारीक. अमेरिकेत दर 180 दिवसांनी परवानाधारक रिगरने ती उघडून, तपासून, पुन्हा बांधायची असते. शेवटी तो लाल दोऱ्याचं आणि शिश्याचं सील लावतो. त्या दोऱ्याची ताकद 4.75 पौंड, म्हणजे सव्वादोन किलोंहून कमी. छत्री कोणी मध्येच उघडलेली नाही याची खूण राहील इतका पक्का, आणि घाबरलेल्या हाताला अडवणार नाही इतका कच्चा.

आणि हातच चालला नाही तर? 1991 मध्ये जर्मनीच्या हेल्मुट क्लोथने 'सायप्रेस' हे यंत्र बाजारात आणलं. हवेचा दाब मोजत ते कंटेनरमध्ये बसून असतं. सुमारे 225 मीटरवर येईपर्यंत वेग सेकंदाला 35 मीटरहून जास्तच असेल, तर माणूस बेशुद्ध आहे किंवा भान हरपलं आहे असं धरून ते राखीव छत्रीला बांधून ठेवणारा फास आतल्या पात्याने कापतं. पूर्ण वेगाने पडणाऱ्याकडे त्या क्षणी चार सेकंद उरलेले असतात. छत्रीला उघडायला त्यातले तीनेक लागतात.

गर्दी आणि घाई

माणसं वाढली की मापं जुळवणं हाच विक्रम होतो. 8 फेब्रुवारी 2006 रोजी थायलंडच्या उदोन थानीवर पाच सी-130 विमानांतून 400 जणांनी उड्या घेतल्या आणि हवेत एकमेकांना धरून एकच आकृती केली. ती टिकली 4.25 सेकंद. मग चारशे जणांनी पांगून चारशे पंख उघडले. पाठीवर आणखी चारशे राखीव तसेच मिटलेले.

21 नोव्हेंबर 2007 रोजी फ्लोरिडातल्या लेक वेल्सवर याहून अवघड प्रकार झाला. 100 जणांनी उघडे पंख एकमेकांना जोडून हिऱ्याचा आकार केला. एक पंख किंचित जलद उडाला तरी सगळी ओळ विस्कटते. म्हणून अशा रचनेत पंखांची मापं माणसांच्या वजनाशी अशी जुळवावी लागतात की प्रत्येक चौरस फुटावरचा भार जवळपास सारखा राहील.

घाईचा विक्रम जे स्टोक्सचा. सप्टेंबर 2006 मध्ये इंडियाना राज्यात त्याने 24 तासांत 640 उड्या मारल्या. सव्वादोन मिनिटांना एक. एक पंख नीट घडी घालून बांधायला सराईत माणसालाही दहाएक मिनिटं लागतात. तेव्हा विक्रम एकाच्या नावावर असला तरी जमिनीवर घड्या घालणाऱ्या हातांची रांग त्यामागे होती.

हवा नसते तिथे

खूप उंचावर कापडाला धरायला हवाच उरत नाही. जोसेफ किटिंजरला हे 16 नोव्हेंबर 1959 रोजी कळलं. 23 हजार मीटरच्या आसपासच्या उडीत त्याची छोटी स्थिरक छत्री वेळेआधी सुटली, मानेभोवती गुंडाळली आणि तो मिनिटाला 120 गिरक्या घेत बेशुद्ध झाला. आपोआप उघडलेल्या राखीव छत्रीने तो वाचला. 16 ऑगस्ट 1960 रोजी तो पुन्हा बलूनमधून 31,300 मीटरवर गेला आणि तिथून उडी मारली. ताशी 988 किलोमीटर वेग आणि 4 मिनिटं 36 सेकंदांचं पडणं. या सगळ्या वेळात त्याला सरळ ठेवलं ते फक्त 6 फूट व्यासाच्या छत्रीने. 14 ऑक्टोबर 2012 रोजी फेलिक्स बाउमगार्टनर 38,969 मीटरवरून अशी छत्री न वापरता पडला आणि ताशी 1,357.6 किलोमीटर गाठून आवाजाच्या पुढे गेला. 24 ऑक्टोबर 2014 रोजी अ‍ॅलन युस्टेसने 41,419 मीटरवरून उडी घेताना मात्र स्थिरक छत्री लावली होती.

मंगळावर तर हवा पृथ्वीच्या शंभराव्या हिश्शाहूनही विरळ. 'पर्सिव्हिअरन्स' बग्गीसाठी शिवलेली छत्री 21.5 मीटर व्यासाची, वजन 81 किलो. 7 सप्टेंबर 2018 च्या चाचणीत ती स्वनातीत वेगात 0.4 सेकंदात फुगली आणि सुमारे 30 टनांचा ताण तिने सोसला. स्वतःच्या वजनाच्या पावणेचारशे पट. आपल्या गगनयानाच्या कुपीसाठीही दहा पॅराशूटं लागतात. त्यांतली तीन मुख्य पॅराशूटं प्रत्येकी 25 मीटर व्यासाची, आणि एक उघडलं नाही तरी उरलेल्या दोनांनी अंतराळवीर सुखरूप उतरले पाहिजेत असा बेत. 24 ऑगस्ट 2025 रोजी पावणेपाच टनांच्या घरातली नमुना कुपी हेलिकॉप्टरमधून सोडून हे सगळं तपासलं गेलं.

दहा आणि पस्तीस लाख

1970 च्या दशकात अमेरिकेत या खेळात वर्षाला सरासरी 42.5 माणसं मरत. 2021 मध्ये तिथे अंदाजे 35 लाख 70 हजार उड्या झाल्या आणि मेले 10 जण. म्हणजे साडेतीन लाखांवर उड्यांमागे एक. शिवणीने, दोऱ्यांनी, स्लायडरने आणि सायप्रेसने आपापलं काम केलं, त्याचा हा आकडा.

उरलेल्या मृत्यूंतल्या कित्येक घटनांमध्ये छत्री नीट उघडलेली असते. कापड शाबूत, दोऱ्या शाबूत. जमिनीजवळ घेतलेलं वळण चुकतं, आणि लहान, वेगवान पंख ती चूक माफ करत नाही. आपला 95 किलोचा माणूस 210 चौरस फुटांचा पंख विकून 150 चा मागवतो, तेव्हा मागणीपत्रावर फक्त एक आकडा बदलतो. त्याने हवेतला वेग 18 टक्क्यांनी वाढतो आणि आदळलाच तर अंगावर येणारी ऊर्जा 40 टक्क्यांनी. रिगरने दोरा मोजलेला असतो, कारखान्याने पट्टा मोजलेला असतो. मागणीपत्राच्या या एका रकान्यात किती चौरस फूट लिहायचे, हे मात्र उडी मारणाऱ्यानेच ठरवायचं असतं.